रुंद फ्रीवेचे सांधे

टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेचा कॅटी फ्रीवे (फ्रीवे म्हणजे चौक-सिग्नल नसलेला महामार्ग), म्हणजे आय-१०, सगळ्यात रुंद जागी २६ लेनचा आहे, हे कुठल्याही फ्रीवेवेड्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आकडा बरोबर आहे. फक्त त्यात मधल्या टोलच्या लेन, मुख्य लेन आणि दोन्ही कडांचे फ्रंटेज रोड, म्हणजे फ्रीवेला समांतर जाणारे बाजूचे रस्ते, असं सगळंच धरलंय, आणि फ्रंटेज रोडवर सिग्नल असतात. म्हणजे २६ पैकी कितीतरी लेन फ्रीवेच्या नाहीतच. लेन मोजायची हौस सगळ्यांना असते, त्यात वाईट काही नाही. पण फ्रीवे चालवायचा असो की रुंद होताना बघायचा असो, नजर लावायची ती त्याच्या सांध्यांवर. लेन कुठे वाढते, कुठे संपते, दोन प्रवाह कुठे एकमेकांना छेदतात, तिथेच सगळा खेळ आहे. मधला सरळ रस्ता कुणीही बांधेल आणि कुणीही चालवेल.

थोडं गणित. चांगल्या हवेत, ७० मैल वेगासाठी बांधलेल्या फ्रीवेची एक लेन तासाला सुमारे २,४०० गाड्या नेते. पाच लेन म्हणजे १२,०००. पुढे एका एक्झिटवर पाचवी लेन बाहेर गेली आणि चारच उरल्या, की क्षमता ९,६००. त्या एक्झिटने खरोखरच २,४०० गाड्या उतरणार असतील तर ठीक. हजारच उतरल्या, तर उरलेल्या चौदाशे गाड्या दर तासाला त्या तोंडाशी साचत जातात. वर आणखी एक दुखणं: एकदा रांग लागली की त्या तोंडातून सुटणारा प्रवाह आधीच्या कमाल प्रवाहापेक्षाही कमी होतो. लोक थबकतात, अंतर ठेवून निघतात, पुढच्याने वेग घेतला तरी मागचा एक क्षण उशिरा घेतो. ही थबकण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने, तासाला साधारण १२ मैलांच्या वेगाने मागे सरकते. म्हणून तुम्ही जिथे थांबता तिथे कारण काहीच दिसत नाही. कारण दोन मैल पुढे असतं, आणि कित्येकदा तोवर ते संपलेलंही असतं.

सांध्यांचं महत्त्व किती, हे मिनीअपोलिसने २००० साली उगाचच सिद्ध करून दाखवलं. तिथे फ्रीवेवर चढणाऱ्या रॅम्पवर, म्हणजे जोडउतारांवर, सुमारे ४३० मीटर होते. मीटर म्हणजे रॅम्पवरचा छोटा सिग्नल, एका हिरव्याला एकच गाडी सोडणारा. रॅम्पवर ताटकळणाऱ्यांची ओरड वाढली, तेव्हा विधिमंडळाने सगळे मीटर काही आठवडे बंद ठेवून बघायला लावलं. लेन तेवढ्याच, शहर तेच. तरी फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या सरासरी ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाला २२ टक्के जास्त वेळ लागू लागला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. का, तर दहा-बारा गाड्यांचा घोळका सिग्नल सुटल्यावर एकदम रॅम्पवरून कडेच्या, म्हणजे उजव्या लेनमध्ये (तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात) घुसला की ती लेन मोडते. तिच्यातले लोक डावीकडे पळतात, मग दुसरी लेन मोडते. एकेक गाडी आली तर ती फटीत बसते.

आता चालवण्याकडे येऊ.

रुंद फ्रीवेवर नवखा माणूस पाट्या वाचतो आणि पट्टे विसरतो. पट्टे पाट्यांच्या आधी बोलतात. अमेरिकी फ्रीवेवर साधा तुटक पट्टा १० फुटांचा आणि पुढची मोकळी जागा ३० फुटांची, असं ४० फुटांचं एक माप असतं. हेच पट्टे एकाएकी आखूड, जाड आणि दाट झाले, म्हणजे ३ फूट पट्टा आणि ९ फूट मोकळं, तर समजायचं की त्या पट्ट्यापलीकडची लेन पुढे सरळ जाणार नाही, ती एक्झिटला जाऊन संपणार आहे. ही खूण साधारण अर्धा मैल आधीपासून सुरू होते. ६० मैलांच्या वेगात अर्धा मैल म्हणजे बरोबर ३० सेकंद. आरशात बघा, इंडिकेटर द्या, खांद्यावरून मागे बघा, सरका, नव्या लेनमध्ये स्थिर व्हा: एक लेन बदलायला ८ ते १० सेकंद धरावेत. म्हणजे अर्ध्या मैलात तीन लेन, तीही सगळे सभ्यपणे जागा देतील तर. म्हणून डावीकडच्या लेनमध्ये असाल तर एक मैलाची पाटी दिसताच सरकायला सुरुवात करावी. 'एक मैल म्हणजे अजून वेळ आहे' असं वाटणाऱ्यांचीच शेवटी तिरकी धाव होते.

पाटीवरच्या दोन गोष्टी मात्र चुकवू नका. खाली पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत 'एक्झिट ओन्ली' असेल तर ती लेन गेली. आणि एक्झिट नंबरची छोटी पाटी मोठ्या पाटीच्या ज्या टोकाला बसवलेली असते, त्या बाजूने एक्झिट निघते. डावीकडून निघणाऱ्या एक्झिटवर त्या छोट्या पाटीत 'लेफ्ट' पिवळ्यावर लिहिलेलं असतं. जुन्या शहरी फ्रीवेंवर डाव्या एक्झिट अजून बऱ्याच आहेत, आणि सगळ्यात वेगवान लेन ही एकदम एक्झिटची लेन होणं हा त्यांचा दुर्गुण. रुंदीकरणात अशा डाव्या एक्झिट काढून टाकल्या की कुणी टाळ्या वाजवत नाही, पण खरं काम ते असतं.

चांगला फाटा कसा ओळखायचा? फुटण्याआधीच्या लेन मोजा, फुटल्यानंतरच्या दोन्ही फाट्यांच्या मोजा. बेरीज एकाने जास्त यायला हवी. चार लेन येतात; तीन सरळ आणि दोन उजवीकडे जातात. म्हणजे मधली एक लेन दोन्हीकडे नेणारी आहे, आणि ऐनवेळी फक्त एका लेनच्या लोकांना निर्णय घ्यावा लागतो. बेरीज तेवढीच आली, चाराच्या तीन आणि एक, तर प्रत्येकाला आधीच योग्य लेन पकडावी लागते आणि रेटारेटी मागे अर्धा मैल पसरते. नवा इंटरचेंज, म्हणजे दोन फ्रीवे जोडणारा पुलांचा गुंता, उघडला की आधी ही बेरीज करून बघावी. उंची, खांब, रोषणाई सगळं नंतर.

सगळ्यात वाईट सांधा म्हणजे विणीचा: चढणारा रॅम्प आधी, उतरणारा रॅम्प लगेच पुढे, आणि मध्ये दोन्हींना जोडणारी एक लेन. चढणारे डावीकडे येतात, उतरणारे उजवीकडे जातात, आणि दोघांना तीच हजारभर फूट जागा. अशा ठिकाणी चढणाऱ्याने रॅम्पवर असतानाच पूर्ण वेग घ्यावा. ४० च्या वेगाने ६५ च्या लेनमध्ये शिरणारा माणूस स्वतःला सावध समजतो, पण मागच्या तिघांना ब्रेक लावायला लावतो. पुढे उतरायचं नसेल तर उजवीकडून दुसरी किंवा तिसरी लेन धरून पुढे जावं. अगदी उजवी लेन प्रत्येक रॅम्पला हादरे खाते.

जुन्या वळणाचा अस्सल नमुना लॉस एंजेलिसमध्ये आहे. ३० डिसेंबर १९४० ला उघडलेल्या अरोयो सेको पार्कवेवर काही रॅम्प मुख्य लेनला जवळजवळ काटकोनात येऊन भिडतात. वेग घ्यायला लेनच नाही. तोंडाशी 'स्टॉप'ची पाटी. शून्यावरून थेट वाहत्या लेनमध्ये उडी. तिथे फट बघताना शेजारच्या लेनकडे नाही, दूरच्या वळणाकडे बघायचं, कारण तिथून दिसलेली गाडी तुमच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ हाच तुमच्या हातात असलेला वेळ. त्याच फ्रीवेच्या दक्षिणेला, डाउनटाउनजवळ, १९५३ मध्ये पूर्ण वापरात आलेला चार मजली इंटरचेंज आहे. असा एकावर एक रचलेला हा पहिलाच. क्लोव्हरलीफच्या, म्हणजे चार गोल पाकळ्यांसारख्या रॅम्पच्या इंटरचेंजच्या पाकळ्यांमध्ये प्रत्येक दोन पाकळ्यांमागे एक वीण तयार होते. इथे डावीकडे वळणाऱ्याला स्वतःचा पूल दिला आणि वीणच काढून टाकली. मजले उंच दिसावेत म्हणून रचलेले नाहीत.

टोरांटोच्या ४०१ ने हाच प्रश्न आडवा सोडवला. काही भागांत १८ लेनपर्यंत रुंदी, पण त्या एका गठ्ठ्यात नाहीत: प्रत्येक दिशेला मधला एक्सप्रेस रस्ता आणि बाहेरचा कलेक्टर रस्ता वेगळे. एक्झिट आणि चढणारे रॅम्प बहुतेक कलेक्टरवर, म्हणजे सगळी ढवळाढवळ बाहेरच्या बाजूला. एक्सप्रेसच्या पाट्या हिरव्या, कलेक्टरच्या निळ्या. एकातून दुसऱ्यात जायला ठरावीक जागीच जोडरस्ते असतात. नियम साधा: तुमच्या एक्झिटच्या आधीचा शेवटचा जोडरस्ता कुठला, हे निघण्यापूर्वी माहीत हवं. तो चुकला तर एक्झिट डोळ्यांसमोरून जाते आणि मध्ये काँक्रीटचा कठडा असतो.

टेक्सासमध्ये चूक स्वस्तात सुटते. तिथे फ्रीवेच्या दोन्ही बाजूंना एकेरी फ्रंटेज रोड असतात आणि पुलाखालून सिग्नलच्या अलीकडेच यू-टर्नची स्वतंत्र लेन निघते. एक्झिट चुकली तर पुढच्या एक्झिटला उतरा, डावी लेन धरा, वळा, परत या. तिरप्या पट्ट्यांच्या त्रिकोणावरून गाडी घालण्याचं कारणच उरत नाही. याच फ्रंटेज रोडमुळे तिथे रुंदीकरणात एक फार सुंदर गोष्ट करता येते आणि ती बातमीत कधी येत नाही. जुन्या पद्धतीत उतरणारा रॅम्प चौकाच्या लगेच आधी आणि चढणारा चौकाच्या लगेच पुढे असतो. त्यामुळे दोन चौकांच्या मध्ये फ्रीवेवर आधी चढणारे, मग उतरणारे, अशी वीण बसते. शिवाय चौकातल्या सिग्नलची रांग आखूड रॅम्पवरून मागे येत फ्रीवेवर चढते. नव्या आराखड्यात रॅम्पची अदलाबदल करतात: आधी उतरणारा, मग चढणारा. वीण फ्रंटेज रोडवर जाते, तिथे वेग कमी असतो, आणि सिग्नलच्या रांगेला लांबलचक जागा मिळते. एकही लेन न वाढवता मुख्य रस्ता मोकळा होतो. तोटा: पेट्रोलपंपाला जायचं असेल तर एक चौक आधीच उतरावं लागतं, आणि नवखे हमखास पुढे निघून जातात.

रुंदीकरण बघायचं तर त्याची चाहूल जमिनीवर मिळते, यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी. फ्रंटेज रोडच्या कडेला, गवतावर, फुटपाथवर रंगाच्या रेघा उमटतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी टेलिफोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, गुलाबी मोजणीच्या खुणा, पांढरा जिथे खणायचंय ती जागा. निळ्या आणि पिवळ्या रेघा नुसत्याच असतील तर एखादी वाहिनी दुरुस्त होत असेल. सगळे रंग एकत्र, शेजारी गुलाबी आणि रिबीन बांधलेले खुंटे, आणि हे मैलभर चाललेलं दिसलं की फ्रीवे हलणार. पुढचे कित्येक महिने मग लोक म्हणतात, 'काम बंदच आहे.' काम चालू असतं, जमिनीखाली. वाहिन्या सरकवणं हा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात बेभरवशाचा टप्पा. वेळापत्रकं तिथेच घसरतात, कारण जुन्या नकाशात पाइप एका जागी असतो आणि खड्ड्यात दुसऱ्या.

मग क्रम साधारण ठरलेला. आधी बाहेरचे फ्रंटेज रोड बांधायचे, वाहतूक त्यावर वळवायची, मोकळ्या झालेल्या जागी मुख्य लेनचा नवा भाग, पुन्हा वाहतूक त्यावर, मग मधला जुना भाग फोडायचा. एकाच ठिकाणी वाहतूक तीन-चारदा जागा बदलते. लेन बंद करताना वाहतूक वळवायला ठेवलेल्या पिंपांची तिरकी रांग किती लांब हवी याचं सूत्र आहे: लेनची रुंदी फुटांत गुणिले वेग मैलांत. १२ फुटांची लेन, वेग ६५: ७८० फूट. पिंपांमधलं अंतर वेगाइतकंच फूट, म्हणजे ६५, तेरा पिंपं. ६५ च्या वेगात ही सगळी रांग आठ सेकंदांत संपते. गर्दी थबकत चाललेली असेल तर शेवटपर्यंत दोन्ही लेन वापराव्यात आणि तोंडाशी एकाआड एक शिरावं. वाहतूक वेगात आणि विरळ असेल तर आधीच सरकावं. दोन्ही वेळी एकच नियम लावणारे दोन्ही वेळी घोळ घालतात.

पुलाचं रुंदीकरण जवळून बघण्यासारखं असतं. जुन्या पुलाला नवा लगेच चिकटवत नाहीत. नवा प्रीस्ट्रेस्ड गर्डर, म्हणजे आतल्या पोलादाला आधीच ताण दिलेली काँक्रीटची तुळई, मधोमध किंचित वर उचललेला येतो, आणि त्यावर स्लॅबचं वजन पडलं की खाली बसतो. जुना पूल कधीच बसून स्थिरावलेला. म्हणून नवा भाग स्वतंत्र बांधतात, दोन्हींच्या मध्ये एक अरुंद चीर उघडी ठेवतात, तिच्यात दोन्हीकडच्या सळ्या दातांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात, आणि नवा भाग बसल्यावर ती चीर काँक्रीटने भरतात. ते काँक्रीट घट्ट होत असताना जुन्या भागावरून ट्रक गेले तर सळ्या थरथरतात आणि काँक्रीट त्यांना नीट धरत नाही, म्हणून त्या वेळी जवळची लेन बंद ठेवणं शहाणपणाचं. 'एवढ्याशा पट्टीसाठी लेन कशाला अडवली' असं वाटतं ती हीच रात्र.

रस्त्याच्या काँक्रीटचा सांधा जास्त छळतो. टेक्सासमध्ये अखंड सळईचं काँक्रीट वापरतात. आडवे सांधे नाहीत, पोलाद छेदाच्या साधारण ०.६ टक्के, आणि दर काही फुटांवर केसाएवढ्या आडव्या भेगा मुद्दाम पडू दिलेल्या. त्या भेगा दोष नव्हेत. उभा सांधा मात्र, जुनं आणि नवं काँक्रीट जिथे जोडलं तो, रुंदीकरणानंतर पट्टे सरकवल्यामुळे कधीकधी लेनच्या मध्यावर किंवा चाकाखालीच येतो. पावसात, किंवा सूर्य समोर खाली असताना, तो सांधा आणि खरवडून काढलेल्या जुन्या पट्ट्यांचा ओरखडा हेच पट्ट्यासारखे चमकतात आणि खरा पट्टा दिसत नाही. अशा वेळी कठड्यापासूनचं अंतर आणि पुढच्या गाडीचे दिवे धरून चालवावं, आणि ट्रकच्या बरोबरीने राहू नये. त्यालाही तोच चुकीचा पट्टा दिसत असतो.

जागाच नसेल तर? डॅलसच्या आय-६३५ वर टोलच्या मॅनेज्ड (वापरावर नियंत्रण असलेल्या) लेन खाली खोदून घातल्या, नेहमीच्या लेन वर राहिल्या. २०१५ मध्ये ते काम पूर्ण झालं. तिथून पूर्वेला त्याच रस्त्यावर, यूएस ७५ शी गाठ पडते तिथे, पाच मजली 'हाय फाइव्ह' आहे. २००२ ते २००५ या काळात, १९६० च्या दशकातल्या इंटरचेंजच्या जागी, दोन्ही फ्रीवे चालू ठेवून तो उभा केला. लॉस एंजेलिसच्या आय-४०५ वर उत्तरेकडे एक जादा कारपूल लेन (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठीची) घालायला फ्रीवेवरून जाणारा मलहॉलंड रस्त्याचा पूल पाडावा लागला, तोही अर्धा-अर्धा: अर्धा जुलै २०११ मध्ये, उरलेला सप्टेंबर २०१२ मध्ये, दरवेळी सुटीचे दोन दिवस फ्रीवे सुमारे १० मैल बंद ठेवून. लेन उघडली मे २०१४ मध्ये. एका लेनसाठी एवढा खटाटोप, कारण लेन स्वस्त असते, तिच्या आड येणारे पूल महाग असतात.

आता न आवडणारी गोष्ट. अँथनी डाउन्सने १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की शहरी फ्रीवेवर गर्दीच्या वेळची वाहतूक क्षमतेपर्यंत वाढत जाते. दुरांतों आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांचे आकडे मांडून दाखवलं की लेन-मैल वाढले की धावलेले मैल जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतात. कॅटी फ्रीवेचं मोठं काम २००८ मध्ये संपलं, शेजारच्या जुन्या रेल्वेमार्गाची पट्टीही त्यात गेली, आणि सुरुवातीला तो खरोखर सुटला. मग २०११ ते २०१४ मध्ये संध्याकाळच्या गर्दीतला प्रवासवेळ निम्म्याहून जास्त वाढला. आणि ह्यूस्टनमध्येच आय-४५ च्या उत्तर भागाच्या आराखड्यात हजाराहून जास्त घरं जायची होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने काम थांबवून चौकशी लावली, २०२३ मध्ये करार होऊन ते पुढे सरकलं. रुंदीकरण बघायची आवड असणाऱ्याने गुलाबी रेघ कुणाच्या अंगणातून जाते हेही बघावं. सांधे सुधारणं आणि लेन वाढवणं यांत पहिल्याला माझं मत नेहमी. दुसऱ्याला, कुणाचं घर न जाता जागा निघत असेल तरच.

बघायला जायचं तर रविवारी पहाटे, आणि फ्रीवेच्या शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, गाडी कधीही उभी करू नये. फ्रंटेज रोडच्या पलीकडचं पार्किंग, किंवा चौकाच्या पुलावरचा फुटपाथ. वरच्या पाट्यांवर लक्ष ठेवा: नव्या पाट्या आधीच लावतात आणि झाकून ठेवतात. झाकण उतरलं की लेन एक-दोन रात्रींत उघडते. पहिल्या सकाळी लोक सवयीने जुन्याच चार लेनमध्ये दाटीने थांबलेले असतात, आणि पाचवी, कोऱ्या पट्ट्यांची, अजून टायरचा काळा डाग न पडलेली, जवळजवळ रिकामी.